गावातलं सांडपाणी : सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

गावोगावी शोषखड्ड्यांच्या, म्हणजे मोरीचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यांच्या, कामावर फिरताना, आणि त्याहून जास्त फोनवर, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सांडपाणी म्हणजे नक्की कोणतं पाणी? संडासाचं त्यात धरायचं का?

नाही. न्हाणी, मोरी, धुणं-भांडी यांचं पाणी ते सांडपाणी. संडासातून जातं तो मैला. दोन्ही घाणच दिसतात, पण स्वभाव वेगळा. मोरीच्या पाण्यात साबण, तेलकटपणा, खरकटं असतं. रोगजंतू कमी असतात आणि ते जमिनीत किंवा झाडाला देता येतं. मैल्यात कॉलरा, कावीळ, विषमज्वर, जंत यांची बीजं असतात, त्याला वेळ आणि बंदिस्त जागा लागते. ही दोन पाणी एकत्र आली की सगळंच मैल्याचं पाणी होतं आणि सोपं काम अवघड होतं. घर बांधताना गवंड्याला पहिल्यांदा हे सांगा: न्हाणीचा पाइप वेगळा, संडासाचा वेगळा. बाळाचे शी-शूचे कपडे धुतलेलं पाणीही संडासातच ओता.

२. आमचं गाव दीड हजाराचं. एवढंसं पाणी, त्याचा एवढा बाऊ कशाला?

हिशेब करून पाहू. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्यातलं साधारण ८० टक्के वापरून बाहेर पडतं, म्हणजे माणशी ४४ लिटर. दीड हजार माणसांचं रोज ६६,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा-सात टँकर. डोक्यावरून हंडे आणायचे तेव्हा मोरीचं पाणी अंगणातच सुकून जायचं. नळ दारात आला तसं सांडपाणीही दारात आलं. पाणी आणण्याच्या योजनेला मोठं अंदाजपत्रक असतं, तेच पाणी वापरून झाल्यावर कुठे जाणार याला बहुतेक ठिकाणी एक ओळसुद्धा नसते.

३. शोषखड्डा घरच्या घरी कसा करायचा?

पाच-सहा माणसांच्या घराला एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा पुरतो, जमीन पाणी पिणारी असली तर. ते आधी तपासा. नियोजित जागी फूटभराचा खड्डा खणा, रात्रभर पाण्याने भिजवा, सकाळी पुन्हा वीतभर पाणी भरा आणि घड्याळ लावा. पाणी एक इंच खाली जायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. तासाच्या वर गेलं तर प्रश्न ५ वाचा.

खड्ड्याचा तळचा चौथा भाग पाच-सहा इंची दगडांनी भरा, त्यावरचा चार-पाच इंची, त्यावरचा दोन-तीन इंची. वीटभट्टीवरच्या जळक्या विटांचे तुकडेही चालतात. साध्या कच्च्या विटा नकोत, त्यांचा चिखल होतो. उरलेल्या वरच्या थरात मधोमध बुडाला भोकं पाडलेला मटका किंवा जुनी बादली बसवा आणि तिच्यात नारळाची शेंडी भरा. मोरीचा पाइप या मटक्यात सोडायचा. भोवती बारीक खडी, वरून गोणपाट किंवा प्लास्टिक कागद आणि माती. मटक्याचं तोंड उघडता येईल असं झाकण ठेवा.

सगळा जीव त्या मटक्यात आहे. भाताचं शीत, केस, तेलाची साय तिथेच अडली पाहिजे. दर पंधरा दिवसांनी शेंडी बाहेर काढून धुवा किंवा बदला. "आमचा शोषखड्डा वर्षात बंद पडला" अशी तक्रार आली की मी आधी एवढंच विचारतो की शेंडी शेवटची कधी काढली होती. बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते.

काही वर्षांनी पाणी जिरेनासं झालं तर नवा खड्डा खणायची गरज नाही. दगड काढून उन्हात वाळवा, खड्ड्याच्या कडा खरवडा, पुन्हा भरा.

४. 'जादूचा शोषखड्डा' ऐकलाय. त्यात जादू काय?

जादू काही नाही, सोय आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावाने घराघरात असे खड्डे घेतले, उघड्या नाल्या संपवल्या आणि डास हटल्याने ते गाजलं. मग 'नांदेड पॅटर्न' हे नाव पडलं. साधारण चार फुटांच्या खड्ड्यात मधोमध सिमेंटची टाकी बसवतात, तिच्या अंगाला वरच्या बाजूला भोकं असतात आणि भोवती दगड. पाणी आधी टाकीत येतं, गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जातं. टाकीचं झाकण उघडून गाळ काढता येतो, दगड उपसावे लागत नाहीत. मटक्याच्या खड्ड्यापेक्षा खर्च जास्त, रोजची देखभाल कमी. घरात माणसं जास्त असतील किंवा शेंडी बदलायला कुणी नसेल तर हाच घ्या.

टेंभुर्णीत हे जमलं ते एका घराने केलं म्हणून नाही. एका गल्लीत दहापैकी सात घरांनी खड्डे केले आणि तिघांचं पाणी वाहत राहिलं, तर डासाला तेवढं पुरतं.

५. आमची काळी जमीन आहे, खाली पाषाण. खड्डा दोन दिवसांत तुडुंब भरतो.

भरणारच. काळी कसदार माती ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. आणखी खोल खणणं हा इथे उपाय नाही, खाली खडक लागला की ते हौदच होतं. पाणी खोलात नेण्यापेक्षा पसरवायचं. दीड-दोन फूट खोल, लांबट चर घ्या, त्यात खडी आणि भोकांचा पाइप टाका आणि दोन्ही बाजूंना कर्दळ, केळ, अळू लावा. झाडं आणि ऊन मिळून बरंच पाणी ओढतात. पाच-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तर तेवढ्यापुरता खड्डा मुरमात उतरवणं मात्र फायद्याचं.

गावठाणात घराला घर चिकटलेलं असेल आणि चरालाही जागा नसेल तर चार-पाच घरांचं पाणी बंद पाइपने एकत्र करून जवळच्या मोकळ्या जागेत सामुदायिक खड्डा घ्या. पाणी खड्ड्यात जाण्याआधी गाळ बसायचं चेंबर हवंच.

६. कोकणात जांभा आहे, पाणी झटक्यात जिरतं. मग आम्हाला काळजी नाही ना?

उलट तुम्हालाच जास्त. माती पाणी गाळते कारण ते तिच्यातून हळूहळू जातं. जांभ्याच्या भेगांतून पाणी न गाळता थेट धावतं आणि खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरतं. न्हाणीच्या पाण्याचं एक वेळ चालून जाईल, संडासाच्या खड्ड्याचं नाही. सर्वसाधारण मातीत विहीर आणि संडासाचा खड्डा यांत किमान १० मीटर अंतर आणि खड्ड्याचा तळ व भूजलाची वरची पातळी यांत २ मीटर अंतर सांगतात. ही पातळी मे महिन्यातली नव्हे, श्रावणातली मोजायची. जांभ्यात किंवा भेगाळ खडकात याहून लांब जा, विहिरीच्या खालच्या उताराला जा, खड्ड्याचा तळ बंद करा आणि भिंतीबाहेर चहूबाजूंनी अर्धा मीटर बारीक वाळूचं वेष्टण घाला. गवंडी म्हणेल वाळू फुकट जाते. जाऊ द्या.

७. मोरीचं पाणी भाजीला दिलं तर चालतं का?

झाडावर अवलंबून. केळ, नारळ, कढीपत्ता, शेवगा, गजराज गवत खुशाल. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, म्हणजे जे कच्चं खातो किंवा ज्याचा खायचा भाग मातीला लागतो, त्याला नको. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर उडवू नका आणि साठवून ठेवू नका: दुसऱ्या दिवशी ते कुजकट होतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी रोज एकाच झाडाला गेलं की माती कडक होते, म्हणून आळी बदलत राहा.

८. ग्रामपंचायतीने सिमेंटची गटारं बांधली. आता प्रश्न मिटला ना?

तुमच्या दारातला मिटला. गटार पाणी शुद्ध करत नाही, ते फक्त पुढे ढकलतं: तुमच्याकडून शेजाऱ्याकडे, तिथून खालच्या आळीत, शेवटी ओढ्यात. आणि ज्या ओढ्याकाठी आपल्याच गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असते, त्याच ओढ्यात, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलं आहे. गटाराला उतार नीट मिळाला नाही, किंवा नळाला दिवसाआड पाणी असेल, तर ते वाहतही नाही, नुसतं साचतं. तरी गटारच मागितलं जातं, कारण ते दिसतं आणि त्याच्या कडेला पाटी लावता येते. शोषखड्डा जमिनीखाली जातो, त्याचं उद्घाटन कसं करणार?

माझं मत सरळ आहे. ज्या घराला जागा आहे त्याचं पाणी त्याच्या आवारातच जिरलं पाहिजे. गटार उरलेल्यांसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी.

९. गटार आधीच आहे आणि ओढ्यात जातंय. शेवटाला काय करता येईल?

तीन गोष्टी, याच क्रमाने. आधी शेवटाला जाळी आणि गाळ बसायचं चेंबर, नाहीतर पुढचं सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरतं. मग शुद्धीकरण. मग ते पाणी शेताला किंवा ओढ्याला.

शुद्धीकरणाला विजेचं यंत्र नको. गाव ते दोन वर्षं चालवतं, मग मोटर जळते आणि बिल थकतं. विजेशिवायचे दोन मार्ग चांगले आहेत. पहिला स्थिरीकरण तळ्यांचा. पाणी एकापुढे एक तळ्यांतून संथ जातं, उन्हात शेवाळं वाढतं, ते प्राणवायू सोडतं आणि त्यावर जिवाणू घाण खातात. पाणी हिरवं दिसलं तर काम नीट चाललं आहे. काळं पडून वास आला तर तळ्यावर भार जास्त झाला. कडेचं गवत काढत राहा, डास तिथेच वाढतात. जागा मात्र लागते. प्रश्न २ मधलं ६६,००० लिटर रोज, पंधरा दिवस धरायचं, सरासरी खोली सव्वा मीटर, तर नुसतं पाणीच आठ गुंठे व्यापतं. बांधांसह दहा-बारा गुंठे. आता हे बघा: निम्म्या घरांनी शोषखड्डे केले तर हीच जागा निम्म्यावर येते. म्हणून प्रश्न ८ चं उत्तर तसं दिलं.

दुसरा मार्ग खडीच्या वाफ्याचा. प्लास्टिक कागद अंथरलेल्या वाफ्यात खडी भरून कर्दळ, पाणकणीस, बोरू लावतात आणि पाणी खडीच्या पोटातून जातं. वर पाणी दिसतच नाही, त्यामुळे डासही नाहीत. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' तंत्र विकसित केलं आहे. जागा तळ्यापेक्षा कमी, खर्च जास्त. वर्षातून एकदा झाडं छाटायची आणि सुरुवातीची चोंदलेली खडी धुवायची, एवढं काम कुणाच्या तरी नावावर ठरावात लिहून ठेवा.

१०. संडासाला दोन खड्डे कशाला? एकच मोठा खणला तर?

एकच असेल तर तो भरल्या दिवशी तुमच्याकडे ताजा मैला असतो आणि उपाय नसतो. दोन असले की एक वापरायचा, भरला की मधल्या चेंबरमध्ये एक तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिला दीड वर्ष तरी, दोन वर्षं तर उत्तम, बंद ठेवायचा. तोवर त्यातल्या मैल्याचं काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं खत होतं. लोकांचा यावर विश्वास बसत नाही. मी स्वतः पहिल्यांदा खड्डा उघडला तेव्हा नाकाला रुमाल बांधूनच उभा होतो, आणि आत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी निघालं.

सर्रास होणारी चूक म्हणजे दोन्ही तोंडं एकदम उघडी ठेवणं. मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात. आज घरी जाऊन चेंबर उघडून बघा. दुसरी चूक म्हणजे न्हाणीचं पाणीही त्याच खड्ड्यात सोडणं.

११. आमची सेप्टिक टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही. चांगली बांधली आहे ना?

दोन शक्यता आहेत. एक, तिला तळच नाही, म्हणजे ती टाकी नसून खोल खड्डा आहे आणि प्रश्न ६ मधली विहिरीची काळजी तुम्हाला लागू आहे. दोन, ती गाळाने कधीच भरली आणि मैला जसाच्या तसा पुढे जातो आहे. नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. पाणी तुंबण्याची वाट बघू नका.

१२. टाकीतून निघणारं पाणी तर निवळ दिसतं. गटारात सोडलं तर काय बिघडलं?

टाकीत फक्त जड घाण खाली बसते, रोगजंतू त्या निवळ दिसणाऱ्या पाण्यातही असतातच. ते शोषखड्ड्यात किंवा चरात गेलं पाहिजे. गटारात सोडलं की गावभराचं साधं सांडपाणी मैल्याचं होतं (प्रश्न १). निम्म्या गावांची खरी गाठ इथेच आहे.

१३. टाकीत पावडर, गूळ, ताक टाकायला सांगतात. टाकावं का?

नको. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोज फुकट येतात. पावडरीने उपसणं टळत नाही. उलट ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या ओतणं बंद करा, त्याने आहेत ते जिवाणूही मरतात.

१४. गाडी येत नाही, एक माणूस उतरून साफ करायला तयार आहे. उतरवू का?

नाही. आत प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं काम करवून घेणं गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो तयार आहे, पैसे ठरले आहेत, यानं काही फरक पडत नाही. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तालुक्याच्या नगरपालिकेच्या किंवा खासगी उपसा गाडीला पाच-दहा घरांनी मिळून बोलवा, फेरी परवडते.

१५. गाडीवाला गाळ आमच्या ओढ्यात सोडून जातो. कुठे सोडायला सांगायचं?

पैसे देण्याआधी हे विचारा, नंतर नाही. जवळच्या शहरात मैला गाळ शुद्धीकरण केंद्र असेल तर तिथेच. वाई आणि सिन्नरसारख्या नगरपालिकांनी ठरावीक वर्षांनी घरोघरी टाक्या उपसून गाळ केंद्रात नेण्याची पद्धत बसवली आहे. आसपासच्या गावांनी अशा केंद्राशी करार करणं स्वतःचं केंद्र बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं. केंद्र फार लांब असेल तर विहिरी आणि ओढ्यापासून दूर गायरानात खोल चर खणून त्यात गाळ, वर मातीचा जाड थर आणि त्यावर झाडं. ग्रामसभेत जागा ठरवूनच.

१६. गोठ्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर?

आठवड्यात चोंदेल. शेण-मूत गोबरगॅसला किंवा उकिरड्यावर, गोठा आधी झाडून मग धुवा.

१७. गावात एकही उघडं गटार नाही, तरी डेंग्यू आला. असं कसं?

कारण डेंग्यूचा डास गटारात वाढतच नाही. एडिस डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं: रांजण, टाकी, कूलर, टायर, नारळाची करवंटी. गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, तो रात्री चावतो आणि विदर्भात हत्तीरोग पसरवतो. शोषखड्ड्यांनी क्युलेक्स कमी होतो, एडिससाठी आठवड्याचा कोरडा दिवसच पाळावा लागतो, आणि रांजण नुसता रिकामा न करता आतून घासायचा, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. सेप्टिक टाकीच्या गॅस पाइपला जाळी बांधलीत का? क्युलेक्स तिथूनही आत-बाहेर करतो.

१८. पैसे कुठून येतात?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत असा निकष होता. त्यातला ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने घालायचा. दीड हजारांच्या गावाला हे ४ लाख २० हजार होतात. एवढ्यात गावभर सिमेंटचं गटार होत नाही, घरोघरचे खड्डे आणि शेवटाचा एक वाफा यांची मात्र चांगली सुरुवात होते. मिशनचा हा टप्पा २०२०-२१ ते २०२४-२५ असा आखला होता आणि वित्त आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंत, म्हणून आजचा निकष पंचायत समितीत विचारूनच आराखडा करा. वैयक्तिक शोषखड्डा रोजगार हमीच्या कामांत घेता येतो का, ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

१९. शेजाऱ्याचं मोरीचं पाणी माझ्या ओट्याखाली साचतं. बोललो तर भांडण होतं.

बहुतेक वेळा त्याच्याकडे जागा नसते, हे आधी बघा. दोघांत मिळून एक खड्डा हा सगळ्यात स्वस्त तोडगा. तो जमला नाही तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात गटारं आणि स्वच्छता ही ग्रामपंचायतीच्या कामांत येतात. त्याचा उपद्रव सार्वजनिक रस्त्याला किंवा आळीला होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, कार्यकारी दंडाधिकारी तो हटवायचा आदेश देऊ शकतात. तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. "निधी नाही" हे उत्तर पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात म्हटलं होतं. तो खटला नगरपालिकेचा होता, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की बैठक लवकर लागते.

२०. ढाबा, मंगल कार्यालय, गाड्या धुण्याचं सेंटर: यांचं पाणी गावाच्या वाफ्यात घ्यायचं का?

तसंच नको. ढाब्याच्या तेलाने खडी कायमची चोंदते, त्याला आधी तेल अडवणारं चेंबर हवं. गाड्यांच्या पाण्यात डिझेल आणि ग्रीस असतं, ते झाडांना मारतं. मंगल कार्यालयाची अडचण वेगळी, वर्षभर काही नाही आणि लग्नसराईत एका दिवसात गावाएवढं. प्रत्येकाने आपापल्या आवारात सोय करावी, ना हरकत दाखल्याच्या वेळीच ती अट घाला. नंतर कुणी ऐकत नाही.

२१. पावसाळ्यात शोषखड्डा भरून वर येतो.

पन्हळीचं पाणी त्यात पडतंय का ते बघा. छपराचं पाणी वेगळं काढा, खड्ड्यावर मातीचा उंचवटा करा. भूजलच वर येत असेल तर श्रावण-भाद्रपदात पाणी केळीच्या आळ्यात वळवायची सोय ठेवा.

२२. आम्ही मुंबईला असतो. गावचं घर गणपतीला आणि मे महिन्यातच उघडतो. संडासाचं काय?

दोन टोकं सांभाळायची आहेत. घर बंद असताना भांड्याखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि टाकीचा वास, डास, झुरळं घरात येतात. निघताना ट्रॅप पाण्याने भरा आणि वर दोन-तीन चमचे गोडंतेल सोडा, तवंगामुळे पाणी उडत नाही. मोरीच्या जाळीलाही तसंच. दुसरं टोक गणपतीचं: ऐन पावसात, चार माणसांच्या संडासावर वीस-पंचवीस माणसं. दोन खड्डे असतील तर चतुर्थीच्या आधी चेंबर उघडून कोणता चालू आहे आणि त्यात किती जागा आहे ते पाहा. बदल करायचा तर तेव्हाच करा, पाहुणे आल्यावर नाही. आणि आरतीनंतरची ताटं संडासाच्या लाइनवर धुऊ नका, परसात केळीपाशी धुवा.